बाळीच्या दुधाची वही

सोमवार, ६ नोव्हेंबर २००६

ही वही दवाखान्याची आहे, माझी नाही. पुढच्या पानांवर कोणाकोणाच्या गोळ्या लिहिल्या आहेत, मांगची पानं कोरी. मंजुषा सिस्टरनं ती माझ्या हाती दिली अन् चालता चालता विचारलं, "आजी, लिहिता येते का?"

मी म्हटलं, तिसरी पास आहो बाई. चौथीत बसली होती, पण लहान भाऊ झाला अन् तो माझ्या कडेवर आला, मंग शाळा सुटली. बोरी अरबची शाळा आमची. मास्तर असे होते का पाढा चुकला तं...

सिस्टर म्हणाली, "आजी, मास्तर राहू द्या. किती वाजता किती चमचे दूध पाजलं, एवढंच लिहा." अन् गेली पण.

तं लिहिते. सकाळी सहाले चार चमचे. आठले चार. दहाले तीन, एक सांडला.

आता एवढं मोठं पान अन् त्यात एवढंच लिहायचं म्हणजे कागद वाया. म्हणून बाकीचंही लिहिते. इथं सांगाले तरी कोण आहे.

मी आजी झाली. काल संध्याकाळी सव्वासहाले. माझी सत्या, म्हणजे सत्यशीला, तिले पोरगी झाली. पहिलटकरीण म्हणून माहेरी आणली होती, अन् कळा पंधरा-वीस दिवस आधीच लागल्या. जीपवाल्यानं इतकं हळू आणलं का मीच म्हटलं, बापा, बैलगाडी बरी होती. आता गावातली आशाताई म्हणते घरी बाळंतपण करायचं नाही, दवाखान्यातच करायचं. चांगलं आहे. पण साऱ्याच बाया दवाखान्यात आल्या अन् दवाखाना तेवढाच राह्यला. बावीस खाटा आहेत, बाया एकतीस. सत्याले खाट भेटली ते नशीब. मी खाटेखाली.

बाळीचं वजन दीड किलो अन् वर थोडं. माझ्या मुठीएवढं डोस्कं. पण नखं पुरी वीसच्या वीस, मी मोजली. नाक राजदीपच्या घरचं आहे, चपटं, त्याचं काही नाही, नाकानं कोणाचं अडत नाही. राजदीप म्हणजे माझा जवाई. राजूरले कोळशाच्या खाणीत ठेकेदाराकडं आहे. त्याले सुट्टी नाही. रविवारी येतो म्हणाला.

काचेची पेटी एक आहे, तिच्यात आधीच दोन लेकरं आहेत. म्हणून सिस्टरनं मले शिकवलं. बाळीले उघडी करून माझ्या छातीवर ठेवायची, वरून लुगडं गुंडाळायचं, अंगाची ऊब अंगाले. "चोवीस तास ठेवता येईन का आजी? हिची माय अशक्त आहे."

मी म्हटलं, चोवीस काय, पंचवीस ठेवते.

दुपारी बाराले चार. दोनले चार. माझ्या छातीवर तिचं काळीज असं चालते, पाखरू धरल्यासारखं.


मंगळवार, ७ नोव्हेंबर

सहाले चार, आठले पाच (पाच!), दहाले चार.

मंजुषा सिस्टर एकटीच आहे. या वार्डात तिघी पाह्यजे म्हणते. एक रिटायर झाली, तिच्या जागी वर्षभरात कोणी आलं नाही. दुसरी खुद बाळंतपणाच्या सुट्टीवर. मी हसली, म्हटलं तिचं बाळंतपण कोण करणार, तिलेही याच वार्डात आणा. सिस्टर नाही हसली. तिची काल सकाळची पाळी होती, ती रात्रीही होती, आजही आहे. चहा उभ्यानं पेते. एका हातात कप, दुसऱ्या हातानं सुई.

सकाळी मले सांगून गेली, "आजी, सत्याचा रक्ताचा कपडा भरला का मले दाखवत जा. धुऊ नका. आधी दाखवा."

मी हो म्हटलं. आता मी काय दाखवणार आहो. माझी सासू सांगे, बाळंतिणीचा कपडा सूर्यानं पाहू नये अन् परक्यानं पाहू नये, दूध आटते. पहाटे धुवायचा अन् दुसऱ्या फडक्याखाली झाकून वाळवायचा. सासू तशी खवट होती, पण बाळंतपणात तिच्यासारखं कोणी केलं नाही. अन् त्या सिस्टरच्या हातून एकतीस बायांचं सारं जाते, आपलीही घाण तिच्या नाकापुढं कायले. मागच्या नळावर पहाटे पाणी येते. मी बाळीले लुगड्यात बांधलेलीच ठेवून एका हातानं धुतले. लख्ख. शेजारच्या खाटेवरची वैष्णवी म्हणाली, "आजी, तुमच्या खाटेची जागा पाहा अन् आमची पाहा." ही वैष्णवी कळंबकडची, तिले पोरगा झाला, पण टाके पिकले म्हणून ठेवली आहे. तिची सासू सकाळी येते, डबा ठेवते अन् पोराले पाहून जाते. सुनेले पाहात नाही.

सत्या म्हणाली, "माय, अंगावरून लयच जाऊन राह्यलं व."

मी म्हटलं, जाऊ दे बाई. नऊ महिन्यांचं साचलेलं आहे. निघालं का पोट हलकं होते. तुह्यावेळी मले असंच झालं होतं.


बुधवार, ८ नोव्हेंबर

आज दुपारभर वार्डात कोणीच नव्हतं. पुरुषांच्या वार्डात फवारणीचं औषध पिलेला माणूस आला, बरोबर अर्ध्या गावाची माणसं, अन् सिस्टरले तिकडं ओढून नेलं. या वर्षी असे लय येतात म्हणते. तिकडचा नर्सभाऊ एकटाच आहे, त्याच्यानं तो माणूस धरवेना.

मंग इकडं कोण. मी. सात नंबरची सलाईन संपून नळीत रक्त चढाले लागलं. सिस्टरनं परवा मले नळीची चकरी दाखवली होती, तशी फिरवून बंद केली. बारा नंबरच्या लेकराले फडक्यात बांधून दिलं. एकीले लघवीले नेली. साऱ्या बाया मले 'आजी सिस्टर' म्हणाले लागल्या. सिस्टर पाचले आली, मी सारं सांगितलं, तं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तुमच्यासारख्या दोन दिल्या असत्या सरकारनं."

मले इतकं बरं वाटलं का काय सांगू. साठी आली, आजवर मले कोणी असं म्हटलं नाही. पऱ्हाटी वेचताना म्हणत, नलूचा हात चांगला चालते, पण ते वेगळं.

वेचणीवरून आठवलं, वावरात कापूस फुटून लोंबत असन. शेजारीण वेचून ठेवते म्हणाली. भाव नाही म्हणतात. असो, बाळीले काय करायचं भावाशी.

सहाले चार, आठले चार, दहाले पाच, बाराले राह्यलं. मी बारा नंबरच्या लेकरात होती. दोनले पाच.

सत्या झोपूनच होती. झोपू दे. बाळंतिणीले झोप चांगली.


शुक्रवार, १० नोव्हेंबर

काल लिहिलं नाही. दूध लिहिलं होतं, ते वेगळ्या कागदावर, तो कागद सिस्टर घेऊन गेली.

बाळी हसली. वैष्णवी म्हणते ते हसू नसते, पोटात वारा असते. मी म्हटलं, तुह्या पोराले वारा असन, माही नात हसली.

डॉक्टर आले होते. नवे आहेत, पोरगाच दिसते. संग कागद धरलेला माणूस, मांगं सिस्टर, अन् दाराशी नऊ नंबरवालीचा सासरा, वैष्णवीचा नवरा, सारे पुरुष उभे. सिस्टरनं चार खाटांपलीकडून विचारलं, "आजी, कपडा कसा आहे? ठीक?"

आता एवढ्या गड्यांपुढं ती गोष्ट मोठ्यानं कशी बोलायची. मी म्हटलं, ठीक आहे बाई, सारं ठीक आहे. डॉक्टरनं कागदावर टिक केली अन् पुढं गेले. पुढं तेरा नंबरले कळा चालू झाल्या, सारे तिकडं पयाले.

सत्या गोरी दिसाले लागली. खरंच सांगते, ओठही गोरे. बाळंतपणानं पोरी उजळतात. तशी ती माझ्यासारखी काळीसावळी. गेल्या महिन्यात मी नागपूरले दीक्षाभूमीवर गेली होती, पन्नास वर्षं झाली ना धम्माले, अलोट गर्दी, तं हिलेही यायचं होतं. मी म्हटलं, पोट घेऊन गर्दीत येतं का? तं रुसली. मी तिच्यासाठी पांढरी ओढणी आणली तिथून. ती म्हणाली, "काळ्या माणसाले पांढरं आणते का माय." आज असती अंगावर तं शोभली असती.

पाणी लय मागते. हात गार. मी गोधडी घातली, वर माझं लुगडं घातलं.

दुपारी म्हणाली, "माय, बाळीले माह्याजवळ दे जरा."

मी म्हटलं, आता झोपली आहे, उठीन. माझ्या छातीची सवय झाली तिले. संध्याकाळी देते.

संध्याकाळी सत्याच झोपली होती.

कपडे आज सकाळपासून सात. सारे धुतले, नळावर दोन चकरा झाल्या.


शनिवार, ११ नोव्हेंबर

सत्याले नेलं.

सकाळी मोरीकडं जाते म्हणाली, मी म्हटलं थांब, बाळीचं दूध होऊ दे, मी येते. ती थांबली नाही. दाराशीच खाली बसली, मंग आडवी झाली. लुगडं मांगून पुरं भिजलेलं. वैष्णवी ओरडली. सिस्टर हातातलं टाकून पयत आली, सत्याची पापणी खाली ओढून पाह्यली. आतून लाल असते ना पापणी, तिथं काहीच नव्हतं, कागदासारखं.

"आजी, किती कपडे लागले कालपासून?"

मी म्हटलं, काल सात, आज सकाळी तीन.

"दाखवा."

"धुतले बाई."

"परवाचे?"

"सारेच धुतले. पहाटेच धुते मी."

सिस्टर माझ्याकडं पाहातच राह्यली. मले तेव्हा वाटलं, आता म्हणन का आजी, किती साफ ठेवता. ती डॉक्टरले बोलवाले पयाली. मंग डॉक्टर आले. आत काही राहून गेलं आहे म्हणाले, वारेचा तुकडा, तो जोवर आत आहे तोवर रक्त थांबत नाही. इथं रक्ताची बाटली नाही. नागपूरले नेलं पाह्यजे.

राजदीपले फोन लावला. तो वाटेत गाडीत बसतो म्हणाला.

गाडी दारात लागली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तुम्ही जा बरोबर. वाटेत सलाईन पाहाले कोणी पाह्यजे." सिस्टरनं एक पाय गाडीच्या पायरीवर ठेवला. तेवढ्यात वार्डातून तेरा नंबरचा नवरा पयत आला, "बाई, डोस्कं दिसाले लागलं."

सिस्टरनं गाडीतल्या सत्याकडं पाह्यलं, मंग त्या माणसाकडं पाह्यलं. "सर, वार्ड कोणाच्या भरवशावर?" ते म्हणाले, मी आहो ना. सिस्टर म्हणाली, "तुम्हाले आता त्या पुरुष वार्डातून हाका येऊन राह्यल्या."

तिनं पाय खाली घेतला.

सत्यासंग गाडीवाला गेला अन् झाडू मारणारी मावशी गेली. मावशीले सलाईनची चकरी मी दाखवली. गाडीच्या दारात उभं राहून दाखवली, अशी फिरव म्हणून. बाळीसाठी मी मांगं राह्यली. बाळीले सोडून जाता येत नव्हतं.

सत्या गाडीत डोळे उघडून म्हणाली, "बाळी?"

मी लुगडं जरा खाली करून दाखवलं. पाह्यलं तिनं. पाह्यलं असं मले वाटते.

दूध: सहाले चार. मंग लिहायचं राह्यलं.


रविवार, १२ नोव्हेंबर

सहाले तीन, आठले तीन. सत्याचं काढून ठेवलेलं दूध संपलं.

राजदीपचा फोन आला, सिस्टरच्या टेबलावर. मी जाईपर्यंत बंद झाला. सिस्टरनं सांगितलं, पोहोचले, दोन बाटल्या चढल्या, तुकडा काढाले आत नेलं आहे. शुद्धीवर आहे का? मधून मधून.

मी दुसऱ्या फोनची वाट पाहात टेबलापाशी उभी राह्यली. सिस्टर म्हणाली, "आजी, उभ्या राहू नका, बाळी गार पडते." मंग खाटेवर येऊन बसली. आता खाट माझी झाली. सहा रात्री खाली झोपली तं वाटे, खाटेवर पाठ टेकाले भेटली असती तं. आता भेटली अन् झोप येत नाही.

एकतीस बाया आहेत. सारी बडबड चालू आहे, लेकरं रडतात, डब्याचे आवाज. अन् मले वाटते का मी वावरात एकटी उभी आहो, उन्हात, अन् दूर कोणी आहे पण ऐकू येत नाही.


सोमवार, १३ नोव्हेंबर

बाळी वरचं दूध घेत नाही, ओकते. मी सकाळी वैष्णवीकडं पाहात होती, मागायचं कसं. ती आपण होऊनच म्हणाली, "आणा आजी वाटी." तिची सासू डबा घेऊन आली होती. म्हणाली, "कोणाची पोर आहे काही विचारलं का?" वैष्णवीनं मान वर केली नाही. वाटीत काढता काढता म्हणाली, "भुकेची आहे."

सासू डबा आपटून गेली. सुनेले पाह्यलं नाही तरी ऐकाले तरी लागलं.

बाळीनं पाच चमचे घेतले. दुपारी पाच. सांजेले पाच.

राजदीपशी बोलली. आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. म्हणाला, मामी, आता ताप भरला आहे. रक्त थांबलं पण ताप उतरत नाही. मशीन लावली. मी म्हटलं, बाळीनं पाच चमचे घेतले म्हणून सांग तिले, कानात सांग. तो हो म्हणाला. मंग म्हणाला, "डॉक्टर म्हणून राह्यले दोन दिवस आधी आणाले पाह्यजे होती."

मी फोन सिस्टरजवळ दिला.


मंगळवार, १४ नोव्हेंबर

खाली जागा मोकळी पाहून एका तांड्यावरची बाई काल सुनेले घेऊन आली. माझ्या खाटेच्या शेजारीच खाली अंथरलं. सासूचं नाव रामीबाई. हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. तिची बोली मले अर्धी समजते, माझी तिले अर्धी, तरी आम्ही दिवसभर बोलतो.

आज पहाटे ती सुनेचे कपडे घेऊन मोरीकडं निघाली. हळूच, फडक्याखाली झाकून. माझ्यासारखीच.

मी उठली, बाळी छातीशी, अन् तिच्या हातातून ते फडकं घेतलं. म्हटलं, नको धुऊ. तिले वाटलं मी तिच्या सुनेच्या कपड्याले हात लावला म्हणून काही भानगड. मी म्हटलं, ठेव. खाटेखाली ठेव. सिस्टरले दाखव. ती म्हणाली, लाज वाटते. मी म्हटलं, वाटू दे.

मंग मीच ते सिस्टरकडं घेऊन गेली. सिस्टरनं पाह्यलं, म्हणाली, ठीक आहे, एवढं असते. इतकंच. पाहाले चहा थंड होईन एवढाही वेळ लागला नाही तिले.

मी तिथंच उभी राह्यली. विचारलं, "बाई, मी धुतले नसते तं?"

ती औषधाच्या बाटल्या लावून राह्यली होती. बाटल्या लावत लावतच म्हणाली, "आजी, मी सहा दिवसात एकदा तरी चादर उचलून पाहाले पाह्यजे होतं. ते माझं काम आहे. तुमचं नाही."

मी म्हटलं, तुम्ही सांगितलं होतं मले.

ती म्हणाली, "सांगितलं होतं. सांगून पुढं गेली होती."

तिनं पुढची बाटली उचलली. तिच्या डोळ्याखाली काळं झालं आहे. तिलेही दोन लेकरं आहेत म्हणते, त्यांच्या आजीजवळ. पाच दिवस घरी गेली नाही.

माझ्या सासूनं मले पाच बाळंतपणात जे शिकवलं ते बरोबरच असन. पण सासू रोज स्वतःच्या डोळ्यानं पाहात होती. कपडा किती भरला, रंग कसा, वास कसा, सारं तिले माहीत राहे. धुवाच्या आधी ती पाहे. ते मी विसरली. मी धुणं तेवढं शिकली. अन् मले बाळीशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. सत्या म्हणाली होती, लय जाऊन राह्यलं. माझी पोर मले तोंडानं म्हणाली.

आठले पाच, दहाले सहा.


बुधवार, १५ नोव्हेंबर

फोन नाही.

वजन केलं. पावणेदोनच्या जवळ आली. कोणाले सांगू म्हणून रामीबाईले सांगितलं, तिनं बाळीच्या कपाळाले काजळ लावलं.

टेबलावरचा फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा दुसऱ्याचा.

सहाले सहा, आठले सहा, दहाले सहा, बाराले सहा, दोनले सहा.


गुरुवार, १६ नोव्हेंबर

सकाळी फोन वाजला तेव्हा मी बाळीले पाजत होती. सिस्टरनं घेतला. मी दुरून पाहात होती. ती नुसती ऐकत होती. मंग तिनं फोन ठेवला अन् माझ्याकडं न पाहता सात नंबरकडं गेली. मले वाटलं, दुसऱ्या कोणाचा असन.

बारा वाजता ती आली. हातात काही नव्हतं. ना सुई, ना ट्रे, ना कागद. मी बाळीचं सांगाले लागली का आता चमच्यावर जीभ कशी लावते. ती ऐकत होती. अन् ऐकता ऐकता माझ्या खाटेच्या कडेले बसली.

चार नंबरची सलाईन संपली होती. ती बाई हाका मारून राह्यली होती, सिस्टर, सिस्टर. सिस्टरनं तिकडं मानही वळवली नाही. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती, जशी वार्डात दुसरं कोणी नाहीच.

तेव्हाच मले समजलं.

मी विचारलं, "किती वाजता?"

ती म्हणाली, "पहाटे. राजदीपभाऊ म्हणाले, ते येईपर्यंत सांगू नका म्हणून. संध्याकाळी पोहोचतात तिले घेऊन. पण मले तुमच्यापुढं फिरवेना आजी."

चार नंबरवालीचा आवाज वाढला. वैष्णवीनं उठायचं केलं, तिचे टाके दुखले, ती परत बसली. रामीबाईले ती चकरी माहीत नाही.

मी म्हटलं, "जाय बाई. चारची नळी पाहाय."

"जाऊ दे तिले."

"जाऊ नको देऊ. तिच्या नळीत रक्त चढन. जाय."

ती माझ्याकडं पाहात राह्यली. मंग उठली, गेली. चकरी बंद केली. तिथून तिले अकरावालीनं बोलावलं, मंग पंधरावालीनं. तिची पाठ दिसून राह्यली आहे मले इथून.

सत्यशीला. चोवीस वर्षांची होती. दहावी पास. चटणीशिवाय तिचं जेवण होत नसे.

रामीबाई जवळ येऊन बसली आहे. तिले कोणी सांगितलं नाही, पण तिनं डोक्यावरून पदर घेतला आहे.

रडलं का छाती हलते अन् बाळी उठते. आता झोपली आहे, खाली ठेवली तं गार पडते. संध्याकाळी राजदीप येईन. त्याले दाखवीन कशी धरायची, लुगडं कसं गुंडाळायचं. त्याची छाती मोठी आहे, ऊब असन.

बाळी त्याच्याजवळ देईन अन् मंग रडीन.